पायथनचा फ्लेक्स, दोन्हीकडून

नांदेडचं एक कॉलेज आन लातूरचं एक कॉलेज, दोघांनी मिळून ऑनलाइन एम.एस्सी. चालवायची असं विद्यापीठानं ठरवलं, तवाच जाणत्या माणसांनी कपाळाला हात लावला. नांदेड-लातूर म्हंजे एका पंगतीत शेजारी बसवलेल्या दोन विहिणी. पोळी कुणाच्या ताटात आधी पडली, एवढंच बघायला आलेल्या. आयुक्ताचं ऑफिस कुठं करायचं या वादात दोन्ही गावांनी इतके मोर्चे काढले होते की रस्त्याचं डांबर नुसत्या चपलांनी झिजलं.

मंग समितीची मीटिंग तरी कुठं घ्यायची? लातूरला घेतली तर नांदेड वाकलं, नांदेडला घेतली तर लातूर. महिनाभर त्यातच गेला. शेवटी माळाकोळीच्या पुढं, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, रामलिंगचा धाबा सापडला. शीव आपल्या मोठ्या टेबलाच्या बरोबर मधून जाती, असं रामलिंग शपथेवर सांगायचा. "डाळ नांदेड जिल्ह्यात हाय, भात लातूर जिल्ह्यात," म्हणायचा. "कालवायचं असंल तर आधी तहसीलदाराला इचारा."

टेबलाच्या नांदेडच्या बाजूला प्राचार्य साहेबराव हटकर बसायचे, लातूरच्या बाजूला प्राचार्य बसवराज हालकुडे. आन टेबलाच्या टोकाला, अर्धं ढुंगण नांदेडात आन अर्धं लातुरात अशी, प्रियदर्शनी गच्चे. पोरगी उमरीची. नांदेडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तासिका तत्त्वावरचं माणूस म्हंजे कसं, सर म्हणले "उद्यापासून येऊ नको", की तिथंच उद्या संपला. तो नवा कोर्स तिनंच शिकवायचा होता, म्हणून मीटिंगचं कामकाज लिहायला तिला आणायचे. बोलायला न्हाई, लिहायला.

कामकाज एकच होतं. पोरांना कम्प्युटरची कोणती भाषा शिकवायची आन कशावर शिकवायची, एवढं ठरवायचं.

साहेबराव सर म्हणायचे, सी प्लस प्लस. त्यायनी तरुणपणी त्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. आयुष्यात एकच. त्येच्यातून त्यायचं स्वतःचं नाव छापून निघायचं. पण थांबायचं कसं हे लिहायचं राहिलं, आन प्रिंटर सुरू झाला तो झालाच. कागद लॅबमधून व्हरांड्यात, व्हरांड्यातून रस्त्यावर, आन तिथून नांदेड स्टेशनाच्या फलाटावर गेला म्हणतात. मुदखेडच्या गाडीतले लोक खिडकीतून वाचायचे: साहेबराव हटकर, साहेबराव हटकर, साहेबराव हटकर. तवापासून सरांचा त्या भाषेवर लई जीव.

बसवराज सर म्हणायचे, जावा. त्यायचं कारण आणखी नाजूक होतं. जावई शिवकुमार पुण्यात मोठ्या कंपनीत जावा लिहायचा. यंदा धोंड्याचा महिना आला, तवा जावयाला बोलावून चांदीचं ताट दिलं, त्यात अनारसे मांडले, आन वर सासऱ्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला, "आमच्या कोर्सला तुमचीच भाषा लावतो." धोंड्यात जावयाला दिलेलं वाण माघारी कसं घ्यायचं? जावई रुसला तर कोण निस्तरणार?

त्या जावाबरोबर लातूरवाल्यांना एक जंगी सॉफ्टवेअर बी पाहिजे होतं. इतकं जड की त्यायच्या लॅबमधी ते उतरवून घेताना अर्ध्या लातूरचे पंखे मंद झाले. लातूरला मागं पाणी रेल्वेनं आलं होतं, हे बी वाघिणीतच घालून आणावं लागलं असतं.

पहिल्या मीटिंगमधी भाषेपर्यंत कुणी पोचलंच न्हाई. आधी सत्कार. नांदेडनं लातूरला शाल घातली, लातूरनं तीच शाल नांदेडला घातली, मंग रामलिंगला, मंग दोन्ही ड्रायव्हरांना. नारळ एकच होतं. ते नारळ इतक्या वर्षांत इतक्या सभांमधी फिरलं होतं की त्येलाच अध्यक्ष केलं असतं तर मीटिंग लवकर उरकली असती. सत्काराला उत्तर देता देता जेवणं आली, आन जेवल्यावर कुणी भाषा ठरवतं का?

दुसऱ्या मीटिंगला मात्र विषय निघाला.

"तोडगा काढू," साहेबराव सर म्हणले. "सोमवार-मंगळवार सी प्लस प्लस. बुधवार-गुरुवार जावा."

"आन शुक्रवारी?"

"शुक्रवारी दोन्ही कालवून."

"सर," प्रियदर्शनीनं पेन खाली ठेवलं. "शनिवारी पोरं दवाखान्यात जातील."

दोन्ही प्राचार्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं मीठदाणीच बोलली.

"आपल्या पोरायजवळ लॅपटॉप न्हाईत सर. फोन हाय, त्यो बी घरात एकच. इस्लापूरची पोरं रेंजसाठी टाकीवर चढून बसतात. हे जड सॉफ्टवेअर फोनमधी घातलं तर फोन गरम हुऊन त्यावर भाकर भाजंल. पायथन घेऊ आपण. ब्राउझरमधीच चालतं, काही उतरवून घ्यायचं काम न्हाई. सगळी मेहनत तिकडचा मोठा कम्प्युटर करतो, फोन नुसता दाखवतो. आन आपला कोर्स डेटाचा हाय, त्येला पायथनच…"

"पायथन कुणाची?" बसवराज सरांनी इचारलं.

"कुणाची म्हंजे?"

"नांदेडची का लातूरची?"

"कुणाचीच न्हाई सर."

"मंग तिला कोण इचारतंय?" असं म्हणून त्यायनी ताकाचा ग्लास उचलला.

"प्रियदर्शनी, तू चहा घे," साहेबराव सर मायेनं म्हणले. म्हंजे गुमान बस.

विद्यापीठाचा निरोप त्याच दिवशी आला. येत्या शनिवारपर्यंत ठरलं न्हाई, तर कोर्स दोघांकडून काढून संभाजीनगरला देणार.

प्रियदर्शनीनं निरोप दोनदा वाचला. कारण तिला मनतशा दिसून राहिली होती.

मनतशा म्हंजे वाजिदभाईंची पोरगी. वाजिदभाईंचं घर मुदखेडला, फ्लेक्सचं दुकान नांदेडला देगलूर नाक्यावर. पोरगी बीएस्सी झाली, पुढं शिकायचं म्हणली, तर तिची आई बानो म्हणाली, "रोज गाडीनं जाणं-येणं बस झालं. घरी बसून शिकता येत असंल तर शिक, न्हाईतर पुढच्या महिन्यात औशाचे पाहुणे यायलेत." औशाच्या पाहुण्यांना शिकलेली पोरगी पाहिजे होती, पण शिकत असलेली नको होती. प्रियदर्शनीनं स्वतः मुदखेडला जाऊन बानोच्या हातची बिर्याणी खाल्ली आन शब्द दिला, "फोनवर शिकवते. हिच्या हातातल्या ह्या फोनवर." त्या फोनची काच अशी तडकलेली की नकाशात गोदावरीला मिळणाऱ्या नद्या दिसाव्या.

पोरगी बी तशीच तरतरीत. बापाच्या धंद्यात एक लई मोठी अडचण होती. फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा? एकदा एका उपसभापतीचं डोकं सभापतीपेक्षा नखभर मोठं छापलं गेलं, तर सभापतीच्या माणसांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, आन वाजिदभाई आतच होते. म्हणून मनतशानं त्याच फुटक्या फोनवर पायथनमधी एक प्रोग्राम लिहिला. नावं टाका, पदं टाका, कोण कुणावर रुसलंय ते टाका. प्रोग्राम सांगायचा, ह्येचा चेहरा एवढा, त्येचा तेवढा, ह्येची मिशी झाकू नका. तवापासून देगलूर नाक्यावर एक बी शटर बळंच खाली आलं न्हाई.

अशा पोरीला काय सांगायचं? लॅपटॉप आण, सोमवार-मंगळवार सी प्लस प्लस?

मीटिंगहून वापस येताना प्रियदर्शनी साहेबराव सरांच्याच गाडीत होती. लोह्याच्या चौकात ड्रायव्हर विरूपाक्षानं गचकन ब्रेक मारला.

"सर, तुमचा फोटो!"

चौकात फ्लेक्स. गावाच्या वाचनालयाला शंभर पुस्तकं भेट दिल्याबद्दल प्राचार्य साहेबराव हटकर यांचे हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, बरणीतल्या लोणच्याच्या फोडींसारखे खच्चून भरलेले.

"मी कवा दिली पुस्तकं?" सर काच खाली करून बघत राहिले.

"कुणीतरी चुकून छापलं असंल सर," प्रियदर्शनी म्हणाली.

"चुकून कसं? फोटो तर माझाच हाय. सफारी बी माझाच." सरांनी जरा इचार केला. "दिली असतील. देण्याघेण्याचं मी लक्षात ठेवत न्हाई."

गाडीतून उतरून त्यायनी फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढला आन सगळ्या ग्रुपवर टाकला. सोनखेडपर्यंत ती पुस्तकं देताना मनात काय भावना होत्या ते सांगितलं. विष्णुपुरी आली तवा कॉलेजच्या ग्रंथपालाला फोन लावला, "लोह्याला शंभर पुस्तकं आजच्या आज धाडा. न्हाई न्हाई, नवीन कशाला, मी दिलेलीच हायत, फक्त पोचायची राहिलीत."

प्रियदर्शनी खिडकीबाहेर बघून राहिली होती. आपल्याकडं आधी काम आन मंग फ्लेक्स, असं आजवर तिला वाटायचं. ते उलटं हाय, हे तिला त्या दिवशी विष्णुपुरीच्या धरणाजवळ कळलं.

नांदेडला उतरली ती सरळ देगलूर नाक्याला गेली.

"वाजिदभाई, एक फ्लेक्स पाहिजे. दोघांचं अभिनंदन."

"हौ म्याडम. काय केलं त्यायनी?"

"अजून काहीच न्हाई."

"मंग तर नेहमीचाच हाय," म्हणून त्यायनी स्टूल पुढं सरकवलं.

मजकूर तिनं सांगितला: गोरगरिबांच्या लेकरांना मोबाईलवर शिकता यावे म्हणून पायथन भाषेची निवड करणारे दूरदृष्टीचे शिक्षणमहर्षी… इथं गाडी अडली. आधी नाव कुणाचं?

त्या दिवशी बापाबरोबर दुकानावर आलेल्या मनतशानं फोन काढला. दोघांची पदं टाकली, वय टाकलं, रुसवे टाकले. रुसव्याला जागा पुरंना. प्रोग्राम बराच वेळ फिरत राहिला आन शेवटी म्हणला, दोन्ही चेहरे सारखे, केसाला केस. पण डावीकडं कोण, उजवीकडं कोण, ते त्येला बी सांगता येईना.

"डावीकडचा पहिला वाटतो," वाजिदभाई म्हणले. "उजवीकडचा आयुष्यभर दुष्मन. म्याडम, हा फ्लेक्स कुठं लागणार?"

"रामलिंगच्या धाब्यासमोर, रस्त्यावर आडवा."

"नांदेडवाले इकडून येणार, लातूरवाले तिकडून?"

"हाव."

"अब्बा," मनतशा म्हणाली, "कापडाला बाजू किती असतात?"

वाजिदभाईंनी पोरीकडं बघितलं. मंग छताकडं बघून हात वर केले आन मशीन सुरू केली. नांदेडकडच्या बाजूला साहेबराव सर पहिले, लातूरकडच्या बाजूला बसवराज सर पहिले. मधी शोभेला म्हणून वाजिदभाईंनी एक मोठा अजगर टाकला होता, पायथन म्हणलं म्हणून. तो प्रियदर्शनीनं काढायला लावला. दोन प्राचार्यांच्या मधी अजगर बघून लोक भलतंच समजले असते.

शनिवारी फ्लेक्स लागला. एक टोक रामलिंगच्या लिंबाला, एक टोक पलीकडच्या खांबाला. नांदेडची गाडी आली, थांबली. साहेबराव सर उतरले. मान वर करून उभे राहिले. आठवायला लागले. तोंडावर एकेक करून आठवण उमटायला लागली.

"प्रियदर्शनी, हे पायथनचं मीच म्हणलो होतो ना?"

"मागच्या मीटिंगला सर. मी चहा घेताना."

"बघ. आन हालकुड्याला दुसरं ठेवलं. मनाचा मोठेपणा बघ त्याचा, रागावला बी न्हाई."

तिकडून लातूरची गाडी आली. बसवराज सर उतरले, मान वर केली आन चष्मा पुसला. बघता बघता त्यायनी बी हटकरांचा मनाचा मोठेपणा मान्य केला. मंग दोघं दोन बाजूंनी फ्लेक्सखाली येऊन गळ्यात गळे घालून भेटले. तिकडचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

दोघांनी फ्लेक्सचे फोटो आपापल्या ग्रुपवर टाकले. दोन्ही कॉलेजांचा मिळून एक ग्रुप नव्हताच. ॲडमिन कोण हुणार यावरून तो काढायचाच राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा प्रियदर्शनीला त्या भांडणाचं बरं वाटलं.

शाल झाली, नारळ झालं. "तर पायथन," साहेबराव सर म्हणले. "आपण ठरवलंच हाय." "ठरवलेलंच हाय," बसवराज सर म्हणले. प्रियदर्शनीनं ठराव लिहून सहीला पुढं सरकवला. साहेबराव सरांनी ऐटीत सही ठोकली.

बसवराज सरांच्या हाताला वांग्याच्या भाजीची तर्री लागली होती. ते हात धुवायला उठले. धाब्याचा नळ होता नांदेडच्या बाजूला, फ्लेक्सच्या पलीकडं.

"सर, बसा बसा," प्रियदर्शनी तांब्या घेऊन धावली. "हात इथंच धुवा."

"मी काय नवरदेव हाय का?" म्हणत ते चालायला लागले. रामलिंग टॉवेल घेऊन आडवा आला, त्येला बी वळसा घातला. नळ सोडला, हात चोळले, आन तोंड पुसायला मान वर केली.

तशीच मान वर राहिली.

प्रियदर्शनीला मनतशाचं औशाला लग्न लागलेलं दिसलं, अक्षता पडलेल्या दिसल्या. स्वतःचा उद्या तर तिला कुठं दिसलाच न्हाई.

बसवराज सर सावकाश वापस आले. बसले. साहेबराव सर तवा रामलिंगला शंभर पुस्तकांची गोष्ट सांगण्यात गुंग होते. बसवराज सर टेबलाच्या टोकाकडं वाकले.

"पोरी, माझ्या बाजूनं कोण पहिला हाय?"

"तुम्ही सर," ती म्हणाली.

"लातूरवरून येणारं माणूस फ्लेक्सची नांदेडची बाजू कशाला बघंल?"

"न्हाई बघणार सर. आपली बाजू सोडून कोण बघतंय?"

बसवराज सरांनी नखानं दात कोरत इचार केला. "मंग बरं हाय," म्हणले. "पण जावयाचं काय करू? धोंड्याचा शब्द हाय."

आन तिथंच त्यायनी फोन लावला, कान कमी म्हणून स्पीकरवर.

"शिवकुमार, जरा राग धरू नका. पावण्यारावळ्यात तुमचा मान कमी हुणार न्हाई. पण कोर्सला जावा न्हाई लागली. पायथन लागली."

"अहो पप्पा, बरंच झालं की! फ्लेक्स बघितला मी. आम्ही बी दोन वर्षं झाली पायथनच लिहून राहिलो. जावा सुटली माझी कवाच."

"मंग धोंड्यात का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही अनारशांवर ठेवून एवढ्या मानानं दिली. नको कसं म्हणायचं?"

बसवराज सरांनी फोन ठेवला, पेन घेतलं, आन ठरावावर साहेबराव सरांच्यापेक्षा बोटभर मोठी सही केली.

सोमवारी पहिला तास. उद्घाटनाला दोन्ही प्राचार्य ऑनलाइन आले, एक नांदेडहून, एक लातूरहून. दोघांच्या बी स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा पहिला दिसून राहिला होता, त्यामुळं दोघं बी लई खूश. साहेबराव सरांनी ते नारळ कॅमेऱ्यासमोर धरलं. त्येच्या शेंड्या इतक्या जवळ आल्या की मुलांना वाटलं सर दाढी वाढवून आले. बसवराज सरांनी तिकडून हात पुढं करून ते घेतल्यासारखं केलं. पायथनची निवड करताना काय काय संकटं आली, ते दोघं आळीपाळीनं सांगायला लागले.

प्रियदर्शनीनं थोडा वेळ ऐकलं, मंग दोघांचा बी माइक हलकेच बंद केला. ते बोलतच राहिले. आवाज न्हाई हे त्यायना अजून बी कळलं नसावं.

"आता बघा," ती पोरांना म्हणाली, "पहिली ओळ लिहू. फोनवरच लिहा."

इस्लापूरच्या टाकीवरून कुणीतरी अंगठा दाखवला. मुदखेडहून बारीक आवाज आला, मागं बानोच्या कुकरची शिट्टी.

"चाललं म्याडम."

"बघू, काय लिहिलं?"

"अब्बाच्या दुकानासाठी लिहिलेलाच प्रोग्राम टाकला, जरा बदलून. औशाचे पाहुणे घातले, आन मी." मनतशा हसली. "पाहुण्यांचा फोटो लई लहान सांगून राहिलाय."